'लेफ्टनंट गव्हर्नर'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. ४ नोव्हेंबर २०२५ला आमच्या व्हर्जिनियात गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. आईला फोनवर सांगितलं, "हैदराबादला जन्मलेल्या बाई इथे नायब राज्यपाल झाल्या, मीही मत दिलं." ती म्हणाली, "नायब राज्यपालाला मतं कशाला लागतात? त्यांना तर दिल्लीहून नेमतात ना?" दुसरा शब्द सुचवा.

— काकूंचं बरोबर आहे. आपल्याकडे राज्यपाल काय, नायब राज्यपाल काय, नेमणूक राष्ट्रपतींचीच. अमेरिकेतला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा कारभार हाकतो. सरळ 'उपमुख्यमंत्री' लिहा.

— नको हो! उपमुख्यमंत्र्याकडे खाती असतात, आणि आकडे जुळवायला एकाचे दोनही करता येतात. व्हर्जिनियात या पदासाठी वेगळं मत द्यावं लागतं, त्यामुळे गव्हर्नर एका पक्षाचा आणि हे दुसऱ्या पक्षाचे असंही होतं. मुख्य काम ४० जणांच्या सिनेटचं अध्यक्षपद. २०-२० अशी मतं पडली की बहुतेक वेळा यांचं मत निर्णायक. गव्हर्नरपद मध्येच रिकामं झालं तर तिथे हेच बसतात. हे उपराष्ट्रपतीच्या जवळचं वाटतं.

— 'नायब'ला उगाच दोष देताय. अरबीत नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. फ्रेंचमधून आलेल्या 'लेफ्टनंट'चा मूळ अर्थही 'जागा धरणारा'. शब्द अगदी चपखल आहे. नेमणुकीचा वास त्याला आपल्या राज्यघटनेमुळे लागला. गंमत म्हणजे 'नवाब' हा शब्द 'नायब'च्याच अरबी अनेकवचनातून आलाय! मराठेशाहीतला 'मुतालिक', म्हणजे वरिष्ठाच्या वतीने कारभार पाहणारा, हा शब्दही इथे शोभला असता, पण तो आता आडनावापुरता उरला.

— सगळ्या राज्यांत एकच रीत नाही, हेही धरा. शेजारच्या मेरीलँडमध्ये अरुणा मिलर २०२२ साली या पदासाठी, गव्हर्नरपदाचे उमेदवार वेस मूर यांच्या जोडीने उभ्या होत्या. एकच मत दोघांना. टेक्सासात मत वेगळं, आणि विधेयक कुठल्या समितीकडे धाडायचं हे तिथला लेफ्टनंट गव्हर्नरच ठरवतो. त्या गृहस्थांना 'उप' म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

— मग 'उपगव्हर्नर'?

— तो रिझर्व्ह बँकेने आधीच अडवलाय.

सगळ्यांचे आभार. बातमीत 'लेफ्टनंट गव्हर्नर'च ठेवते. आईला मात्र सांगितलं, "उपराष्ट्रपतीसारखं, पण एका राज्यापुरतं." ती म्हणाली, "म्हणजे सभागृहात 'बसा, खाली बसा' म्हणायचं काम होय!"