पारधी म्हटला की संशयित, हे थांबणार कधी?

माळावरचा वकील
मागच्या आठवड्यात इथं अमेरिकेच्या ड्रग्जच्या कायद्यावर चर्चा झाली, 1986 च्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅकला (कोकेनचाच ओढायचा खडा) जी किमान 5 वर्षं कैद, तीच शिक्षा व्हायला पावडर कोकेन 500 ग्रॅम लागायचं आणि क्रॅकमध्ये आत जाणारे बहुतेक काळे. सगळ्यांना चीड आली, यायलाच पाहिजे. पण आपल्या पारध्यांचं काय? मी तालुक्याच्या कोर्टात जामिनाची कामं करतो. गेल्या उन्हाळ्यात 19 वर्षांच्या एका पारधी पोराला "दरोड्याच्या तयारीत" म्हणून उचललं. 15 हजारांचा जामीन झालासुद्धा, पण जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा पाहिजे, आणि पालावर राहणाऱ्याला सातबारावाला सोयरा कुठून मिळणार? आई रोज फडक्यात भाकरी बांधून कोर्टाच्या पायरीवर बसायची, पोरगं जिल्ह्याच्या जेलात, तिला वाटायचं आज इथं आणतील. जामीन मंजूर असून 4 महिने आत! आता नावापुढं रेकॉर्ड लागलं, पुढची चोरी कुठंही होवो, पहिली धाड त्याच्याच पालावर.

खाकीची लेक
दादा, ही एक बाजू झाली. माझे वडील पोलिसात होते. घरफोडी झाली की सकाळी अख्खं गाव ठाण्यात, वरून साहेबांचा फोन आणि तपासाला माणसं दोन. रेकॉर्डवरच्यांपासूनच सुरुवात करणार ना? जात बघून नाही, चोरीची पद्धत बघून उचलतात.

माळावरचा वकील
ताई, वडिलांच्या कष्टाबद्दल शंका नाही. पण हे रेकॉर्ड सुरू कुठून झालं ते बघा. 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, ठाण्यात हजेरी, सोलापूरला तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबायची वस्ती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. पाटी बदलली, संशय तोच.

बांधावरून
कायदे राहू द्या. माझ्या आत्याच्या कानातलं रात्री ओरबाडून नेलं, पाळी फाटली, टाके पडले, म्हातारी अजून अंधार पडला की कडी लावून बसते. तिच्या बाजूनं कोण लिहिणार? गावात येणाऱ्या अनोळखी माणसाची चौकशी होणारच आणि झालीच पाहिजे.

शेवंता
भाऊ, आत्याचं वाचून पोटात तुटलं. पण चुकीचा माणूस धरला तर खरा चोर मोकळाच राहतो ना? नाशिक जिल्ह्यात 2003 ला दरोडा पडला, एकाच घरात 5 खून. भटक्या जमातीचे 6 मजूर धरले, 2009 ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली आणि 2019 ला त्याच कोर्टानं सहाही निर्दोष सोडले. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळीच चार माणसं ओळखली होती, त्यांच्या मागं कुणी गेलंच नाही. 16 वर्षं गेली, भरपाई प्रत्येकी 5 लाख. आणि त्या घराला न्याय मिळाला का?

खाकीची लेक
अल्बमचं मला माहीत नव्हतं. हा तपास नव्हेच, वडिलांनाही पटलं नसतं. तरी रेकॉर्ड बघूच नका हे मला मान्य नाही.

माळावरचा वकील
बघा, पण ज्याला शिक्षा झाली त्याचं बघा, त्याच्या भावकीचं नको. ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं जेलच्या रजिस्टरमधला जातीचा कॉलमच काढायला सांगितला. आणि जामीनदार नसेल तर जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर सोडता येतं, तसा अर्ज करावा लागतो. त्या पोराचा मी चौथ्या महिन्यात केला, पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता.

बांधावरून
अर्ज करा, माझी ना नाही. पण आत्याच्या केसमध्ये अजून कुणीच सापडलं नाही वकीलसाहेब, तिचा अर्ज कुठं द्यायचा तेही सांगा.

माळावरचा वकील
एफआयआरची प्रत आहे का घरी? पाठवा, तपास कुठं अडलाय ते मी सोमवारी कोर्टात बघतो.