छायाकल्प चंद्रग्रहण महाराष्ट्रातून: बघणाऱ्यांचे अनुभव

माघी पौर्णिमेच्या रात्री, म्हणजे २१ फेब्रुवारी २०२७ च्या पहाटे, छायाकल्प चंद्रग्रहण आहे. स्पर्श २:४२, मध्य ४:४३, मोक्ष ६:४३. मध्याला चंद्राचा सुमारे ९३ टक्के व्यास उपच्छायेत (पृथ्वीच्या सावलीच्या फिकट बाहेरच्या भागात) असेल, प्रच्छायेत (मधल्या गडद सावलीत) काहीच नाही. जानेवारी २०२० आणि मे २०२३ ची ग्रहणं ज्यांनी नीट पाहिली, त्यांनी लिहावं. आठवणी नकोत, पुढच्याला उपयोगी पडेल ते सांगा.

पुणे, गच्ची, सहा इंची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण)

स्पर्शाची वेळ गाठायची धडपड करू नका. पहिला तासभर काहीच कळत नाही, कारण उपच्छायेच्या बाहेरच्या भागातून, म्हणजे तेव्हाच्या चंद्रावरून, पाहिलं तर पृथ्वीने सूर्याचा थोडासाच तुकडा झाकलेला असतो. साधारण दोन तृतीयांश चंद्र आत गेला की एक कड मळकट वाटू लागते. ५ मे २०२३ ला स्पर्श ८:४४, मध्य १०:५२ आणि मोक्ष १:०१ ला होता. बघण्यासारखं होतं ते दहा ते पावणेबारा. २०२७ ला हीच वेळ पावणेचार ते साडेपाच.

कुठली कड काळवंडणार हे आधीच ठरवून ठेवा. १० जानेवारी २०२० ला चंद्र छायेच्या उत्तरेकडून गेला, म्हणून दक्षिण कड मळली. तिथे टायको विवराभोवतीचा उजळ डोंगराळ भाग आहे, त्यामुळे फरक चटकन कळला. २०२३ ला उत्तर कड होती आणि तिथे मारे इम्ब्रियम, मारे फ्रिगोरिस हे मुळातलेच काळे प्रदेश! त्यांनाच ग्रहण समजणारे पुष्कळ. २०२७ ला पुन्हा उत्तर कडच आहे. फ्रिगोरिसच्या पलीकडची अरुंद उजळ पट्टी बघा आणि तिची तुलना समोरच्या, दक्षिण कडेच्या तेवढ्याच पट्टीशी करा. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं की मध्याला काळवंडलेली कड वर-उजवीकडे, घड्याळात दोन वाजतात तिथे असेल. डॉब्सोनियनमध्ये उलटी, खाली-डावीकडे.

झगमगाट हा खरा शत्रू. दुर्बिणीचं मोठं झाकण काढू नका, त्यातलं छोटं बूच तेवढं काढा. २५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) पुरते. १२०० मिमी नाभीय अंतरावर ४८ पट होतात आणि अख्खा चंद्र आरामात मावतो. जास्त पट केले की छटांचा उतार पसरून दिसेनासा होतो.

ठाणे, दुर्बीण नाही

झगमगाट कमी करायला साधा गॉगल लावा, बस्स. सूर्यग्रहणाचा चष्मा लावू नये, त्यातून चंद्रच दिसत नाही. ८×४० द्विनेत्री (बायनॉक्युलर) असेल तर कोपर कठड्यावर टेकवा.

नाशिक, कॅमेरा

वरच्या गॉगलच्या सल्ल्यात एक भर: डोळा हळूहळू सरावतो आणि फसवतो. फोटो फसवत नाही, फक्त सेटिंग एकच ठेवायला हवं. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/११, १/१२५, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). ऑटोवर ठेवलंत तर प्रत्येक फोटो कॅमेरा उजळून सारखा करतो आणि ग्रहणच पुसलं जातं. चंद्र जळून पांढरा झाला तरी छटा गेलीच, म्हणून हिस्टोग्रामचं (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचं) टोक उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. स्पर्शाच्या आधी एक, मग दर पंधरा मिनिटांनी एक. शेवटी पहिला आणि मध्याचा शेजारी लावा, मगच फरक नीट उमटतो.

मोबाइलवर चंद्रावर बोट दाबून फोकस-एक्स्पोजर लॉक करा, उजेड कमी करायला सूर्याचं चिन्ह खाली ओढा, एचडीआर बंद. काही फोनमधली 'मून' सोय स्वतःच तपशील घुसडते. ती तर आधी बंद करा.

आणि २०२० च्या ग्रहणात ट्रायपॉडवाल्यांचे हाल का झाले ते सांगतो. मध्याला, १२:४० ला, चंद्र जवळजवळ डोक्यावर, खस्वस्तिकापासून चारेक अंशांवर होता. लांब लेन्स पायांवर आपटते, मानही धरते. २०२७ ला ही कटकट नाही. मध्याला चंद्र पश्चिमेला सुमारे ३२ अंशांवर असेल.

रत्नागिरी

३२ अंश मध्याला, हे खरं. पण साडेपाचनंतर चंद्र २० अंशांच्या खाली येतो आणि समुद्रावरचा धूसरपणा त्याला पिवळा-तांबूस करतो. तो ग्रहणाचा रंग नव्हे. पातळ ढगाचंही तेच: ढग सगळ्या चंद्राला मळवतो आणि सरकतो, उपच्छाया एकाच कडेला राहते.

दव पडणार हे धरूनच चला. योगा मॅटच्या फोमची नळी करून भिंगापुढे बसवा, लांबी व्यासाच्या दीडपट. दव धरलंच तर काच पुसू नका, ओरखडे पडतात. लांबून हेअर ड्रायरची कोमट हवा द्या.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

घरच्यांसाठी: छायाकल्पाचे वेध पंचांगात पाळायला सांगत नाहीत, त्यामुळे चहाचा थर्मास बिनधास्त वर न्या. मघा तारा चंद्रापासून दोनेक अंशांवरच असेल; चंद्र बोटाआड केला तर सापडेल. सहानंतर उजाडू लागतं, मोक्षासाठी थांबण्यात अर्थ नाही.