पामुकची उदासी म्हणजे पोट भरलेल्याची उदासी का?

गुलमंडीकर
आमच्या वाचनकट्ट्यावर ओरहान पामुकवरून जोरात वाजलं आणि हॉलची वेळ संपली म्हणून अर्धवट राहिलं, ते इथं पुढं नेतो. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: इस्तंबूलचा कादंबरीकार, जन्म १९५२, नोबेल २००६, आणि लिहितो काय तर बर्फ, धूर, पडकी लाकडी घरं, बोटींचे भोंगे, हातून गेलेली माणसं. कट्ट्यावर निम्मे म्हणाले रडका आहे. मी म्हणतो गुलमंडीवरून सिटी चौकाकडं रोज जाणाऱ्या माणसाला पामुक कळायला काहीच अडचण नाही.

त्याचं इस्तंबूलवरचं आठवणींचं पुस्तक आहे, २००३ चं. ऑटोमन साम्राज्य बुडालं, १९२३ ला राजधानी अंकाराला गेली, आणि मागं उरलेल्या शहरातल्या लोकांना भिंतीभिंतीतून सारखं आठवत राहतं की आपण कधीतरी कुणीतरी होतो. ही उदासी एकट्यादुकट्याची नाही, अख्ख्या शहराची आहे, आणि गंमत म्हणजे लोकांना तिची जरा ऐटच आहे. आता आपलं बघा. मलिक अंबरनं १६१० ला खडकी वसवली, पाण्याची नहर आणली, मग औरंगजेब, मग निजामाची राजधानी, आणि १७६३ ला ती राजधानी उचलून हैदराबादला. (औरंगाबाद की संभाजीनगर, शहराचं नाव काय म्हणायचं यावरून इथं सुरू होऊ नका, हात जोडतो.) तेव्हापासून आपण बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणून मिरवतो आणि दरवाज्याच्या कमानीत समोरून रिक्षा आली की हॉर्न दाबून बसतो. पामुकच्या घरात प्रत्येक मजल्यावर पियानो होता, वाजवत कुणी नव्हतं, काचेच्या कपाटातली चिनी भांडी कुणी बाहेर काढत नव्हतं. आमच्या थोरल्या काकांच्या वाड्यात ग्रामोफोन होता, अगदी तसाच, पाहुण्यांनी बघावा म्हणून. ते वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे कुणीतरी आपल्या घरात बसून लिहिलंय.

तर बोला. शिव्या चालतील, पण वाचून द्या.

माजलगावचा
मालक, शिव्या नाय पण खरं बोलतो. तुमच्या काकांकडं ग्रामोफोन होता. मपल्या आज्याकडं बैल बी दुसऱ्याचे होते. पामुकच्या आज्यानं रेल्वेच्या कामात पैसा कमावला आन् बापानं-चुलत्यांनी तो उडवला, मंग नातू खिडकीत बसून बोटी मोजायला लागला आन् त्याला उदास वाटायला लागलं. वाटंल की, दुसरं काम काय हाय. आमच्याकडं दसरा झाला की कोयता घेऊन टोळ्या निघत्यात कारखान्याला, गावात निस्ती म्हातारी माणसं आन् कुलपं राहत्यात. त्या गावाला काय कमी उदास वाटतं का? पण त्याच्यावर लिहिलं की तुम्ही म्हणणार हे ग्रामीण, हे वास्तववादी, भाषा रांगडी हाय. आन् त्यानं धुक्यावर चाळीस पानं लिहिली की काव्यात्म. ही वाटणी कुणी केली ते सांगा आधी.

जालना_वाचक
मला तर सरळ कंटाळा येतो. चारशे पानं, एक माणूस चालतोय, बर्फ पडतोय, त्याला आई आठवते. दोनदा सुरू केलं, दोनदा लायब्ररीत परत. ज्याला भारी वाटतं त्यांनी वाचावं, पण आपल्याला नाही आवडलं की आपली कुवत काढायची हे बंद करा.

गोदाकाठ_नांदेड
मी वाचलंय, पूर्ण वाचलंय, म्हणून बोलायले. २००८ ची ती म्युझियमवाली कादंबरी घ्या, 'म्युझियम ऑफ इनोसन्स', जिच्यावर सगळे पुरुष वाचक जीव टाकायलेत. तीस वर्षांचा श्रीमंत केमाल, अठरा वर्षांची लांबच्या नात्यातली गरीब फ्युसुन. त्याचं दुसरीकडं लग्न ठरलेलं, तरी हिच्याशी संबंध ठेवतो, साखरपुड्यालाही हिलाच बोलवतो, मग ही निघून गेली की ह्याला विरह. मग हिचं लग्न झाल्यावर जवळपास आठ वर्षं हिच्या घरी जेवायला जाऊन बसतो, नवऱ्यासमोर, आईबापासमोर, आणि येताना मिठाची बाटली, कंगवा, काय हाताला लागेल ते खिशात घालून आणतो. तिनं ओढलेल्या सिगारेटची थोटकं, ४२१३! आणि लेखकानं २०१२ ला इस्तंबूलमध्ये खरंखुरं म्युझियम काढून ती थोटकं भिंतीवर टाचली, लोक तिकीट काढून बघायला जातात.

आता मला सांगा, हेच आमच्या गल्लीतल्या पोरानं केलं तर आपण काय म्हणतो? घरच्यांना सांगतो, पोलिसात जातो. गद्य सुंदर आहे म्हणून ते प्रेम होतं का? त्या पोरीला सिनेमात काम करायचं होतं, तेवढं एकच मागणं होतं तिचं, आणि हा पैसे असून वर्षानुवर्षं टाळत राहिला कारण ती बाहेर पडली तर ह्याच्या दुःखाचं काय होणार. सगळ्या पुस्तकभर ह्याचं दुःख. तिचं काय चाललंय आत, ते शेवटाला थोडंसं कळतं, आणि तोवर उशीर झालेला. मला ती उदासी नाही वाटली, मला राग आला.

गुलमंडीकर
ताई, राग यावा म्हणूनच लिहिलंय असं माझं मत. केमाल स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो आणि स्वतःलाच फसवत राहतो, वाचणाऱ्याला ते दिसत राहतं. शेवटी तर तो आपली कहाणी पामुक नावाच्याच लेखकाकडं सोपवतो. लेखकाला हा माणूस कसा आहे ते चांगलं ठाऊक आहे हो.

गोदाकाठ_नांदेड
ठाऊक आहे म्हणून पाचशे पानं त्याच्याच तोंडून? बरं.

औसेकर
माजलगावच्या दादांचा मुद्दा कळायलाय पण मला अर्धाच पटतो. तुम्ही म्हणता उदास व्हायला फुरसत लागते, पैसा लागतो. मी किल्लारीच्या जवळचा. १९९३, ३० सप्टेंबर, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, झोपेतच अंगावर आलं. हजारो माणसं गेली हे सगळ्यांना माहिती आहे, त्यावर बातम्या झाल्या, पुस्तकं झाली. पण त्यानंतरचं कुणी लिहिलं? नवी गावं बसवली, रस्ते रुंद, घरं रांगेत, भूकंपाला टिकणारी. आणि आमची आजी शेवटपर्यंत नव्या घराला घर म्हणाली नाही, कॉलनी म्हणायची. कुणी विचारलं कुठं निघालात, तर 'गावात', म्हणजे जुन्या गावात, जिथं आता बाभळी आहेत आणि चौथरे. तिथं जाऊन काय करायची तर काही नाही, बसून यायची. तिच्याकडं ना पियानो ना ग्रामोफोन. मदत मिळाली, धान्य मिळालं, पक्कं घर मिळालं, म्हणजे हिशोबानं तिला काही कमी नव्हतं, तरी जे होतं ते होतंच. त्याला मोर्चा काढून मागता येत नाही, सरकारकडं अर्ज करता येत नाही.

पामुकचं इस्तंबूल वाचताना मला आमचा तो रस्ता दिसला. तो श्रीमंत असेल नाहीतर भिकारी, मला त्याचं देणंघेणं नाही. आपल्याकडं असं दुःख लिहिताना लोक लाजतात, कारण आधी पाणी, आधी कर्ज, आधी विमा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कॅमेरे स्टेशनवर होते. लिहिणारा पण तिकडंच पळतो. कुणीतरी इकडं पण थांबलं पाहिजे की नाही?

माजलगावचा
हे पटलं दादा. खोटं कशाला बोलू. पण मंग तुमच्या आजीवर लिहा की, इस्तंबूलला कामून जायचं?

धाराशिव_एसटी
एक मिनिट. माजलगावकर, तुम्ही 'स्नो' वाचलीय का, २००२ ची? नसेल तर वाचाच, कारण तुमचं सगळं भांडण पामुकनं स्वतःच त्यात घातलंय. 'का' नावाचा एक कवी, जर्मनीत राहणारा, तुर्कस्तानच्या टोकाला कार्स नावाच्या गरीब गावात जातो, बातमीदार म्हणून, कशासाठी तर तिथं पोरी आत्महत्या करायलेत त्यावर लिहायला. गावात कामधंदा नाही, बापे दिवसभर चहाच्या हॉटेलात बसलेले. आणि हा तिथं गेला की ह्याला कविता सुचायला लागतात, बरीच वर्षं एक ओळ आली नव्हती, आता धडाधड १९. वर प्रेमात पण पडतो. लोक मरायलेत आणि ह्याला सुख.

मला वाचताना आमच्याकडं येणारे आठवले, शेतकऱ्यानं फाशी घेतली की दुसऱ्या दिवशी गाडी येते, विधवेला फोटोसमोर बसवतात, पदर नीट घ्या म्हणतात, गाडी जाते. त्या कादंबरीच्या शेवटी कार्समधला एक पोरगा लेखकालाच सुनावतो की, आमच्याबद्दल लांबून कुणी काही सांगितलं तर वाचणाऱ्यानं त्यावर विश्वास ठेवू नये, हे तुमच्या पुस्तकात लिहा. आणि पामुक ते छापतो. खिडकीत बसून बोटी मोजणाऱ्या माणसाला हे सुचत नाही राव.

नागसेनवन
गुलमंडीकर सर, तुमची पहिली पोस्ट सुरेख आहे पण त्यात 'आपण' कोण? राजधानी गेली याचं दुःख ज्यांची राजधानी होती त्यांना. माझ्या आजोबांना १७६३ मध्ये काय गमावलं विचारलं असतं तर हसले असते. आमच्यासाठी या शहरात काही सुरू झालं ते १९५० ला, बाबासाहेबांनी मिलिंद कॉलेज काढलं तेव्हा. म्हणजे ज्या काळात तुमच्या वाड्याला उतरती कळा लागली त्याच काळात आमचा पहिला माणूस पुस्तक हातात घेऊन बसला.

आणि पामुकचा एक भाग मी विसरू शकत नाही. इस्तंबूलमधून जाणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावरचे जुने लाकडी वाडे पेटले की लोक गाड्या काढून बघायला जायचे, सोबत चहा असायचा, आणि तो ते फार देखणं करून सांगतो. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेव्हाही लांब उभं राहून बघणारे होतेच. म्हणून ते पान मला देखणं वाटत नाही. लेखक मोठा आहे, मान्य. पण तो कुठं उभा राहून बघतोय हे विचारणार, आणि धाराशिवचे दादा म्हणतात तसं 'स्नो'मध्ये तो स्वतः विचारत असेल तर ती वाचेन.

गुलमंडीकर
नागसेनवन, 'आपण' हा प्रश्न रास्त आहे. मी माझ्या गल्लीतून बोललो आणि तिथूनच बोलू शकतो, पण तुमच्या आजोबांचं शहर त्याच शहरात होतं हे पामुकलाही नंतर दिसलेलं आहे. २०१४ ची 'अ स्ट्रेंजनेस इन माय माइंड' बघा. त्यात वाडा नाही, पियानो नाही. मेव्लुत नावाचा खेड्यातला पोरगा १९६९ ला बापाकडं इस्तंबूलला येतो, सरकारी जागेवर रातोरात बांधलेल्या खोलीत राहतो, दिवसा दही आणि रात्री बोझा विकतो. बोझा म्हणजे आपल्या आंबिलीसारखं काहीतरी, आंबवलेलं, थंडीत पितात. खांद्याच्या कावडीवर घेऊन गल्लोगल्ली ओरडत फिरतो. जमिनीचे कागद खरे की खोटे, कुणाच्या नावावर, त्यात भाऊबंदकी, वर टॉवर उठतात. हे माजलगावकरांना परकं वाटणार नाही.

माजलगावचा
हे द्या पाठवून. पण लेखकाचा बंगला कुठं ते मी वाचताना विसरणार नाय, आधीच सांगतो.

जालना_वाचक
किती पानं?

गुलमंडीकर
सहाशेच्या आसपास.

जालना_वाचक
राहू द्या.

गोदाकाठ_नांदेड
दरवाजे झाले, किल्लारी झालं, कार्स झालं, बोझा पण विकून झाला. सर, पहिल्याच वर्षी फ्युसुनला सिनेमात काम करू दिलं असतं तर तुमच्या त्या महान उदासीची किती पानं उरली असती, एवढं सांगा ना कुणीतरी.