'ट्रॉफी' शब्दावरची बंदी यंदा उठवायची का?

पाथर्डीफाटा_गनर

मंडळी, सरळ विचारतो. 17 ऑगस्ट 2025 ला, रविवारी रात्री नऊला, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडबरोबर आपल्या आर्सेनलची प्रीमियर लीगची पहिली मॅच. त्याआधी एक निकाल लागायला हवा, कारण ग्रुपात दोन तट पडलेत आणि दंडाची वही माझ्याकडे आहे.

नवीन आलेल्यांसाठी नियम: आखाजी (अक्षय्य तृतीया) होईपर्यंत 'ट्रॉफी', 'लीग आपलीच', 'यंदा नक्की' असलं काही तोंडातून काढायचं नाही. काढलं की सगळ्यांना मिसळ, दही-पापडासकट. जादा पाव ज्याचे त्याने.

हा नियम 2023 मध्ये झाला. त्या वर्षी ऐन संक्रांतीला, 15 जानेवारीला, आपण टॉटनहॅमच्या घरात जाऊन 2-0 जिंकलो आणि आठ पॉइंटांनी पुढे गेलो. दिवसभर गच्चीवर पतंग उडवून मांजाने बोटं चिरलेली, तोंडात तिळगूळ, आणि आमच्यातला एक म्हणाला, "आली रे ट्रॉफी!" पुढचं सगळ्यांना माहितीये. एप्रिलात लिव्हरपूलला दोन गोल मारून 2-2, वेस्ट हॅमला दोन गोल मारून पुन्हा 2-2, आणि आखाजीच्या आदल्या रात्री तळाला पडलेल्या साउदॅम्प्टनबरोबर घरच्या मैदानावर 3-3. पहिला गोल तर अर्धं मिनिट व्हायच्या आत खाल्ला. पुढच्या बुधवारी मँचेस्टर सिटीने 4-1 धुतलं. त्यांचे शेवटी 89, आपले 84. तेव्हापासून शब्दावर बंदी.

आता भानगड अशी झाली. माझा भाचा सहावीत आहे. गेल्या रविवारी टर्फवर आमच्यासोबत आलेला. खेळून झाल्यावर सगळे जाळीला टेकून पाणी पीत होते, तर हा पोरगा बूटाची लेस सोडता सोडता म्हणतो, "मामा, योकेरेस आलाय ना आता, मग यंदा ट्रॉफी आपलीच की!" सगळे गप्प. मग एकेकाची नजर माझ्याकडे. नियमात वयाची अट नाही, आणि पोराच्या खिशात दहा रुपये नाहीत, म्हणजे पालक म्हणून बिल माझ्यावर.

माझं स्वतःचं मत असं की बंदी उठवावी. मिसळीचे पैसे वाचवायला म्हणत नाही (थोडं म्हणतोय). गेल्या मोसमात आपण हरलो फक्त चार मॅच. चार! पण बरोबरी चौदा. साका तीन महिने बाहेर, जेझूसचा गुडघा गेला, हावर्ट्झची मांडी गेली, आणि शेवटी मिडफिल्डमधल्या मेरिनोला पुढे उभं करून दिवस काढले. तरी 74 पॉइंट आणि दुसरा नंबर. आता पोर्तुगालच्या स्पोर्टिंगसाठी 52 मॅचमध्ये 54 गोल मारलेला योकेरेससारखा गडी आणलाय, पाठीवर आन्रीचा 14 नंबर. मागे मिडफिल्डला झुबिमेंडी. तिसऱ्यांदा ओळीने दुसरे आलोय, यापुढे आणखी किती सावध राहायचं?

गोदेच्या पुराचं पाणी नाशकात ज्या मूर्तीवरून मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीवरच आपल्या ग्रुपात आशाही मोजतात, म्हणून त्या मापात सांगतो: माझ्याकडे पाणी छातीला लागलंय. तुमच्याकडे कुठवर आहे ते लिहा, आणि भाच्याचा निकाल द्या.

सातपूर_थर्डशिफ्ट

गुडघा. त्याच्या वर एक इंच नाही.

बंदी उठवू नका भो. पोर्तुगालच्या लीगमधले गोल इंग्लंडात जसेच्या तसे चालत नाहीत. तिकडे त्याला पळायला मोकळं रान मिळायचं. आपल्यासमोर निम्मे संघ दहा माणसं बॉक्समध्ये कोंबून उभे राहतात. त्या गर्दीत हा काय करतो ते दिवाळीपर्यंत बघू, मग बोलू.

आणि दुखापतींचं रडगाणं अर्धंच खरं आहे. गेल्या सप्टेंबरात सिटीकडे 2-1 पुढे होतो, दहा माणसांनी अख्खा दुसरा हाफ किल्ला लढवला आणि 98व्या मिनिटाला स्टोन्सने बरोबरी केली. आपला ट्रोसार्ड लाल कार्ड खाऊन कशापायी बाहेर गेला? शिट्टी वाजल्यावर बॉल लाथाडला म्हणून. ब्रायटनविरुद्ध राइस तसाच गेलेला. यात कोणाची मांडी गेली नव्हती. डोकं गेलं होतं.

वहीतल्या नोंदी टाक की इथे, नव्यांना कळू दे आपण किती वाया गेलेलो आहोत.

पाथर्डीफाटा_गनर

टाकतो. शंभरपानी वही आहे, पुठ्ठ्यावर मिसळीच्या रश्शाचा गोल डाग. गेल्या मोसमाच्या पानावरून जसंच्या तसं:

"15/2/25. लेस्टर 0-2. 'मेरिनो हाच आपला नऊ नंबर, उगाच शोधत बसलो.' बंदीतला शब्द नाही. दंड माफ."

"9/4/25, रात्री 2 च्या सुमारास. चॅम्पियन्स लीग, रेआल माद्रिद. 'राइसने दुसरी मारली!! आता युरोप आपलंच!!' आपलंच = दंड. बोलणारा म्हणतो, बंदी फक्त लीगपुरती आहे. मतदान घेतलं. दंड कायम."

"8/5/25. सेमीफायनल, पॅरिसकडून 2-1 हरलो. कोणी काही बोललं नाही."

त्या रेआलच्या रात्रीचं सांगायलाच हवं. मॅच आपल्याकडे साडेबाराला. आम्ही बसलो होतो ज्याच्या घरी त्याचं तान्हं पोर आतल्या खोलीत झोपलेलं, त्यामुळे वहिनींनी आधीच दम भरलेला: ओरडलात तर सगळे जिन्यात. राइसने भिंतीला वळसा घालून पहिली फ्री किक मारली तेव्हा सात माणसं तोंडात उशी, टॉवेल, मिळेल ते कोंबून नाचत होती. अख्ख्या करिअरमध्ये त्याने थेट फ्री किकवर गोल मारला नव्हता आणि बारा मिनिटांत दोन मारले. दुसऱ्याला मात्र एकाची उशी सुटली. पोर रडलं, वहिनी बाहेर आल्या, रिप्ले बघितला आणि म्हणाल्या, "हा तोच का, मघाचा?" मग त्याही बसल्या. मेरिनोचा तिसरा गोल पोराला मांडीवर घेऊन बघितला त्यांनी.

जुना_गनर_नाशिकरोड

पोरांनो, तुम्ही सगळे फारच घाबरट. माझ्याकडे पक्का हिशेब आहे, शांतपणे वाचा.

1991 साली नाशकात सिंहस्थ. त्याच वर्षी मे महिन्यात आपण लीग जिंकलेली, सबंध मोसमात एक मॅच हरून. आणि तेही दोन पॉइंट कापलेले असताना! याच ओल्ड ट्रॅफर्डवर हाणामारी झाली म्हणून आपले दोन कापले, युनायटेडचा एक. त्यानंतरचा सिंहस्थ 2003 चा. 2003-04 मध्ये काय झालं ते सांगायला नको: 38 मॅच, शून्य हार. त्यानंतरचा 2015 चा. 2015 मध्ये एफए कप, अंतिम सामन्यात अॅस्टन व्हिलाला 4-0.

गोदामाई आणि आर्सेनल यांचं काहीतरी आहे. तुम्ही हसा.

आणि सातपूरवाल्या, त्या बरोबऱ्यांचा फार बाऊ करू नकोस. अजिंक्य संघाच्यासुद्धा बारा बरोबऱ्या होत्या. फरक एवढाच की त्यांनी 26 जिंकल्या आणि गेल्या साली आपण जिंकल्या 20. सहा मॅच काढायच्या आहेत, बाकी काही नाही. सहा मॅच म्हणजे एक बरा स्ट्रायकर.

पाणी गळ्याला.

सातपूर_थर्डशिफ्ट

काका, तुमच्या हिशेबाला दोन भोकं आहेत.

एक: 1989, 1998, 2002 या तीन लीगच्या वेळी कुठला मेळा होता? 89 ला तर लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर शेवटच्या मिनिटाला मायकल थॉमसने गोल मारून लीग आणली. रामकुंडावर तेव्हा धुणं धूत होते लोक.

दोन, आणि हे जास्त वाईट आहे: 2015-16 चा अख्खा मोसम सिंहस्थातच गेला. फेब्रुवारीत वेलबेकने 95व्या मिनिटाला लेस्टरला गोल मारला तेव्हा मी शर्ट काढून रस्त्यावर पळालो होतो. लीग कोणी नेली? लेस्टरनेच. 81 पॉइंट. आपले 71.

जुना_गनर_नाशिकरोड

दुसरे तर आलो ना! गंगेने तेवढं तरी दिलं.

आणि तू पुढचं बघतच नाहीस. आता पुढचा सिंहस्थ कधी? 2026 च्या ऑक्टोबर अखेरीला ध्वजारोहण, 2027 च्या पावसाळ्यात शाही स्नानं. घाल गणित.

पाथर्डीफाटा_गनर

काका, गणित घातलं. त्याचा अर्थ यंदा नाही, पुढच्या वर्षी. तुम्ही माझ्या बाजूने बोलताय का सातपूरच्या?

इंदिरानगर_१४

दोन तास झाले वाचतेय, एकाही बाप्याच्या लक्षात आलं नाही म्हणून लिहिते. ट्रॉफी मे महिन्यातच आलीये. 24 मे, लिस्बन, महिलांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल. समोर बार्सिलोना, जगातली सगळ्यात भारी टीम, आणि आपण 1-0. 74व्या मिनिटाला ब्लॅकस्टेनियस. इंग्लंडच्या दुसऱ्या कोणत्याही क्लबच्या बायकांनी हा कप कधी आणलेला नाही. आपण 2007 मध्येही आणला होता.

आणि गंमत म्हणजे मैदान कुठलं? स्पोर्टिंगचं. तुमचा योकेरेस जिथे गोल मारत होता तेच.

त्या कशा जिंकल्या तेही बघा. रेआलकडे 2-0 हरून आल्या आणि घरी 3-0 मारले. सेमीफायनलला ल्यॉनकडून घरी 2-1 हरल्या आणि तिकडे जाऊन 4-1 केलं. पहिल्या पात्रता फेरीपासून खेळत आल्या होत्या. मधेच कोच बदलली. कोणी आखाजीची वाट बघत बसलं नव्हतं.

त्या रात्री साडेनऊला मॅच होती. मी ग्रुपवर तीनदा लिहिलं, कोण येतंय बघायला? दोघांनी अंगठा टाकला. बाकीचे बहुधा सुट्टीचं प्लॅनिंग करत होते. मी, माझी बहीण आणि आई अशा तिघींनी बघितली. आईला ऑफसाइड कळत नाही, पण वेळ उरलाय किती हे बरोबर कळतं. शेवटची दहा मिनिटं ती देवघरासमोर उभी राहून लांबूनच "झालं का, झालं का" विचारत होती.

तर वहीत लिहा: शब्दावर बंदी घालायचा अधिकारच ग्रुपाला उरलेला नाही. आणि भाच्याने जे म्हटलं त्यात चूक काय? पोरगा अकरा-बारा वर्षांचा, त्याने 2-2 पाहिलेलं नाही, 3-3 पाहिलेलं नाही. त्याला तुमची जुनी दुखणी कशाला चिकटवता?

सातपूर_थर्डशिफ्ट

ताई, हे मान्य. मी त्या दिवशी सेकंड शिफ्टला होतो, पण अंगठा टाकून गप्प बसलेल्यांत मीही आहे.

भाच्याला माफी. मोठ्यांना मात्र नियम राहू द्या. मला विचाराल तर नियमाने मजा जाते असंही नाही. उलट सोमवारी चहाच्या टपरीवर 'ते' म्हणून बोलायला मजा येते. "यंदा 'ते' येईल का रे?" "बघू 'त्या'चं." गाड्यावाल्याला वाटतं आमच्यात कोणाच्या तरी घरी पाळणा हलणार आहे.

देवळालीचा_रेड_डेव्हिल

मी युनायटेडवाला, चोरून वाचतोय. आमचा नंबर गेल्या साली पंधरावा, 42 पॉइंट, युरोपा फायनल टॉटनहॅमसारख्यांना हरलो. आणि तरी सांगतो, आमच्या ग्रुपात पाणी थेट मारुतीच्या डोक्यावरून चाललंय. पंधराव्या नंबरावरून फार खाली जाता येत नाही, हा आमचा आधार. तुम्ही लोक दुसऱ्या नंबरावर बसून घाबरता, कमाल आहे.

रविवारी मॅच कुठे बघताय? आमच्याकडचे चार जण गावी गेलेत, एकट्याने बघायचा कंटाळा आलाय.

पाथर्डीफाटा_गनर

मतं मोजली. निकाल असा: चौदा वर्षांखालच्यांना सगळं बोलायची मुभा. महिला संघाबद्दल कोणीही, कधीही, कितीही बोलावं, आणि त्यांच्या मॅचला न येणाऱ्याला आता तोच मिसळीचा दंड (इंदिरानगरची सूचना, एकमताने मंजूर, आवाजी मतदान तिचाच आवाज मोठा होता). पुरुष संघाबद्दल मोठ्यांची बंदी आखाजीपर्यंत कायम. 31 ऑगस्टला ऐन गणपतीत अॅनफिल्डवर खेळायचंय, त्यानंतर हवं तर फेरविचार. नाशिकरोडच्या काकांना सिंहस्थावर बोलायला हरकत नाही, वर्षाचं नाव घेतलं की दंड.

रेड डेव्हिल, ये रविवारी. पत्ता मेसेजमध्ये टाकतो. आदल्या दिवशी दहीहंडी आहे, निम्मी पोरं खांदे धरून बसलेली असतील, त्यामुळे सोफ्यावर जागा मिळणार नाही, खाली सतरंजी आहे. वहिनींचा नियम तुलाही लागू: गोल कोणाचाही होवो, आवाज नाही. येताना कांदाभजी घेऊन ये, आठ जणांना पुरतील एवढी, आणि गाडी गेटच्या आत लाव, बाहेर चिखल आहे.