पट ६३, संचमान्यतेत ५९: तिसरे शिक्षकपद वाचेल का?

प्रश्न (पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती):
आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीच्या पटावर ६३ मुले आहेत. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे मंजूर करण्याच्या शासकीय प्रक्रियेत, मात्र ५९ मुलेच धरली गेली आणि तीनऐवजी दोन शिक्षकपदे मंजूर झाली. उरलेल्या चौघांचे आधार जुळत नाही, असे मुख्याध्यापक सांगतात. रोज वर्गात बसणारे मूल मोजणीतून वगळले कसे जाते, आणि या माहितीवर आणखी काय काय अवलंबून असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त केंद्रप्रमुख):
शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असतात, म्हणून आपल्याकडे चार नावांनी एक पद गेले. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेतील संयुक्त शाळा अनुदानही पटावरच ठरते: ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये. खडू, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती या अनुदानातूनच भागवायची असल्याने लहान शाळेला ही रक्कम मोठी असते.

आधार जुळलेलेच मूल मोजण्याची अट का आली, हेही समजून घ्यावे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो विद्यार्थी केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. त्यांच्या नावावर पदे, पोषण आहार आणि अनुदान उचलले जात होते. पुढे २०१५ मध्ये राज्याची सरल ही ऑनलाइन प्रणाली आली आणि शाळेच्या एकत्रित आकड्याऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद होऊ लागली. यू-डायस प्लस या केंद्राच्या शाळा-माहिती प्रणालीतही २०२२-२३ पासून तसेच आहे. ही पडताळणी मला आवश्यकच वाटते. परंतु बोगस नाव शोधण्यासाठी लावलेल्या चाळणीतून खरे मूल गळत असेल, तर प्रत्यक्ष शाळेत येऊन डोकी मोजण्याची जबाबदारी प्रशासनाने टाळता कामा नये.

उत्तर (मुख्याध्यापिका):
गेल्या वर्षी माझ्या शाळेतील एका मुलीची जन्मतारीख जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) १२ जून होती आणि आधारवर १ जानेवारी. तिच्या वडिलांना जन्मदाखला घेऊन दोनदा तालुक्याला जावे लागले, दोन दिवसांची मजुरी बुडाली, तेव्हा कुठे नोंद जुळली. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, त्यामुळे जुळत नसलेल्या नावांची यादी जुलैच्या सभेतच समितीपुढे ठेवावी. आता आपण चौघांची हजेरी, जनरल रजिस्टरचा उतारा आणि समितीचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

उत्तर (शिक्षक, ऊसतोड मजुरांचा तालुका):
आमच्याकडची अडचण उलट आहे. सप्टेंबरमध्ये मुले पटावर असतात, दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर साखर कारखान्याच्या फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, जातात; आकडा वर्षभर तोच राहतो आणि वर्ग मात्र अर्धा रिकामा असतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव नव्या शाळेने यू-डायसवर ओढून घेतले नाही, तर ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कोणत्याच शाळेत नसलेल्या नावांच्या यादीत, पडून राहते. मी त्या नावांसाठी फडावरच्या मुकादमांना फोन लावतो, कारण ते मूल सध्या कोठे आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

प्रश्नकर्ता:
चौघांपैकी दोघांच्या आडनावाचे स्पेलिंग चुकले आहे, असे आज रजिस्टर पाहिल्यावर कळले. सोमवारी ठराव घेऊन अर्ज देत आहोत.