दिवसाढवळ्या उल्का पाहिली आहे का? अनुभव सांगा

तुटता तारा बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण लख्ख उन्हात आगीचा गोळा गेलेला पाहणारे विरळाच. शुक्राहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. भर दिवसा नजरेत भरायला तिचं तेज त्याच्याही कितीतरी पट हवं. रंग, आवाज, धूर, जे आठवेल ते लिहा.

*

गाडी चालवत होते. समोरच्या काचेतून पांढराशुभ्र गोळा तिरका खाली आला, कडेला हिरवट झाक. विमान पेटलं की काय, म्हणून धस्स झालं. शेजारी नवरा मोबाइलमध्ये. त्याने मान वर करेपर्यंत खेळ खलास. अजून त्याला थाप वाटते!

*

मला गोळा नाही, धूर दिसला. निळ्या आभाळात सरळ रेघ, बघता बघता नागमोडी झाली. वर प्रत्येक थरात वाऱ्याची दिशा वेगळी ना! सगळे घरात परतलो आणि मग धडाड्‌! तावदानं थरथरली. उल्का ५० किमीवर फुटली तर आवाज यायला अडीच मिनिटं सहज लागतात. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उजेड बघायला लोक खिडक्यांशी गेले, मागून धक्कालहर आली. दीड हजारांच्या आसपास जखमी, बरेचसे फुटलेल्या काचांनी. झगमगाट दिसला तर आधी काचेपासून लांब व्हा.

*

आमचे बाबा छातीठोकपणे सांगतात, 'समोरच्या झाडांमागेच पडली.'

*

वरच्यांच्या बाबांना: सगळ्यांना तसंच वाटतं. ती विझते जमिनीपासून कित्येक किलोमीटर वर, आपल्यापासून शे-दोनशे किमी लांबही असू शकते. काही उरलंच तर तो दगड, म्हणजे अशनी, न चमकता खाली येतो. आणि १० ऑगस्ट १९७२ची तर पडलीच नाही! अमेरिकेतल्या युटावरून कॅनडातल्या अल्बर्टापर्यंत गेली, ५७ किमीपर्यंत खाली उतरली आणि परत अवकाशात पसार.

*

मावळतीला विमानाची रेघ उजळते, तिलाही लोक उल्का म्हणतात. मिनिटभर पुढे सरकत राहिली तर बहुधा विमानच. खरी दिसली तर जागा सोडू नका. कुठे उगवली, कुठे विझली, ते झाड-इमारतीच्या खुणेने धरा. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी आभाळात साधारण दहा अंश. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये हेच विचारतात. गाडीत डॅशकॅम असेल तर जुनं फुटेज पुसलं जायच्या आत उतरवून घ्या.