मदत हवी आहे : मिडरेंजचा कर्कशपणा केबल बदलून कमी होईल का?

माझ्या स्टिरिओवर मंद आवाजात सर्व काही सुरेल वाटते. मात्र आवाज वाढवला, की तार सप्तकात गेलेला स्त्रीस्वर, व्हायोलिन आणि ट्रंपेट कानाला टोचू लागतात. झांजा किंवा 'स'चा सीत्कार त्रास देत नाही, त्यामुळे दोष ट्रेबलच्या वरच्या टोकाचा नसून साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला असावा, असा माझा अंदाज आहे. मानवी कान याच पट्ट्याला सर्वाधिक संवेदनशील असतो, हेही खरे.

डॅकमधून (डिजिटल संगीताचे अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणातून) १ मीटर आरसीए केबलने सिग्नल ट्रान्झिस्टरच्या इंटिग्रेटेड अँप्लिफायरकडे जातो आणि तेथून टू-वे (वूफर आणि ट्वीटर असे दोन ड्रायव्हर असलेल्या) बुकशेल्फ स्पीकरकडे. प्रत्येक बाजूची स्पीकर केबल ३ मीटरची, १.५ चौरस मिलिमीटर जाडीची आणि चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची आहे. स्पीकर ८ ओहमचे म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांच्या मोजमापांत इंपीडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणारा विद्युत अडथळा) खालच्या पट्ट्यात ४ ओहमपर्यंत उतरतो आणि क्रॉसओव्हरजवळ (जेथे काम वूफरकडून ट्वीटरकडे जाते), २ किलोहर्ट्झच्या आसपास, २० ओहमपर्यंत चढतो.

एका परिचितांच्या मते चांदीमुळे आवाज 'उजळ' होतो, म्हणून मी शुद्ध तांब्याची केबल घ्यावी. दुसरे म्हणतात की बारीक केबल लावल्यास तिच्या रोधामुळे आवाजाची धार बोथट होईल. चांदीची विद्युतवाहकता तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के अधिक असते, तीही येथे केवळ मुलाम्यात, त्यामुळे पहिला तर्क मला पटत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र माझे मत ठरत नाही. कोणत्या गुणधर्माची केबल निवडल्यास या पट्ट्यावर ऐकू येण्याइतका परिणाम होईल, आणि तसा होणार नसेल तर शोध कोठून सुरू करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपण इंपीडन्सचे आकडे दिलेत हे उत्तम झाले, कारण बारीक केबलचा प्रश्न त्यांवरच निकालात निघतो. आपल्या सध्याच्या केबलचा जाण्या-येण्याचा मिळून रोध सुमारे ०.०७ ओहम आहे. त्यामुळे ४ ओहमच्या ठिकाणी ०.१५ डेसिबल घट होते, २० ओहमच्या ठिकाणी ०.०३, म्हणजे दोहोंतील फरक ०.१२ डेसिबल, तो संगीतात कोणाच्या लक्षात येणार नाही. आता रोध मुद्दाम १ ओहमपर्यंत वाढवला, तर ४ ओहमच्या ठिकाणी जवळपास २ डेसिबल घट होईल आणि २० ओहमच्या ठिकाणी अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी. म्हणजे जो पट्टा आपल्याला दाबायचा आहे तोच इतरांच्या तुलनेत दीड डेसिबलने वर येईल! त्या स्पीकरसाठी बारीक केबलचा सल्ला नेमका उलटा ठरेल.

स्पीकर केबलचा इंडक्टन्स (उच्च फ्रिक्वेन्सीला वाढत जाणारा अडथळा निर्माण करणारा गुणधर्म) ३ मीटरला साधारण २ मायक्रोहेन्री धरला, तर ३ किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ०.०४ ओहमच्या आतच राहतो. आरसीए केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता, जिच्यामुळे उच्च फ्रिक्वेन्सी घटू शकतात) मीटरला १०० पिकोफॅरड आणि डॅकचा आउटपुट इंपीडन्स १ किलोओहम इतका जास्त मानला, तरी घट सुरू होते ती दीड मेगाहर्ट्झच्या आसपास. (रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजची गोष्ट निराळी, तेथे केबलची कपॅसिटन्स खरोखर ऐकू येते, पण आपल्या मांडणीत तो प्रश्नच नाही.)

याहून महत्त्वाचे म्हणजे, केबलचा जो काही परिणाम असेल तो मंद आणि मोठ्या आवाजात सारखाच असतो. आपला त्रास आवाज वाढवल्यावर सुरू होतो, त्यामुळे मला संशय विरूपणाचा येतो : एकतर अँप्लिफायर क्लिप होत असावा (म्हणजे क्षमता संपल्याने सिग्नलची टोके कापत असावा) किंवा स्पीकरचे ड्रायव्हर मर्यादेबाहेर ताणले जात असावेत. टू-वे स्पीकरमध्ये बास आणि मिडरेंजचा मोठा भाग एकच वूफर सांभाळतो. बाससाठी त्याचा पडदा लांब हलू लागला, की त्याच वेळी त्यावरून निघणारा गायकाचा स्वर गढुळतो. प्लेअरमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा आवाज कमी-जास्त करण्याची सोय) असल्यास ८० हर्ट्झखालचा भाग कापून तेच गाणे त्याच आवाजात ऐकावे. टोचणे कमी झाल्यास वूफर किंवा अँप्लिफायरवरचा बासचा भार हेच कारण समजावे, आणि मग वेगळ्या सबवूफरचा विचार सार्थ ठरेल.

तसे न झाल्यास ती कापणी काढून ३ किलोहर्ट्झवर ३ डेसिबल घट द्यावी, क्यू (घटीचा पट्टा किती अरुंद हे ठरवणारा आकडा) १ ठेवावा. त्याने त्रास गेला, तर दोष स्पीकरच्या समतोलात किंवा खोलीत आहे. स्पीकरपासून १ मीटरवर बसून, कानाला आवाज तितकाच मोठा ठेवून ऐकल्यास या दोहोंतला फरक बऱ्याच अंशी कळतो. जवळून ऐकताना टोचणे थांबले, तर बाजूच्या उघड्या भिंती, काच आणि समोरचे टेबल यांवरून येणारे परावर्तन तपासावे. रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन मिळाल्यास हीच गोष्ट आलेखावर दिसेल, शिवाय विरूपणही मोजता येईल.

८० हर्ट्झच्या चाचणीत काय आढळले ते, आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून किती अंतरावर आहेत ते, कृपया येथेच कळवावे.